मायक्रोमीटरचे मिलिमीटर झाले त्यानंतर

माझ्या शिक्षकांच्या भौतिकशास्त्राच्या टिपणांची अक्षरजुळणी करताना साबणाच्या पातळ पापुद्र्यावर दिसणाऱ्या रंगांचे प्रकरण मी तिसऱ्यांदा तपासत होते. पापुद्र्याची जाडी ०.५ मिलिमीटर अशी पडली होती आणि लगेच पुढच्या वाक्यात, ही जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासची असल्यामुळेच रंग दिसतात, असे विधान होते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. अर्धा मिलिमीटर त्याच्या हजारपट होतो. सरांचे हस्तलिखित काढून पाहिले, तर तिथे त्यांच्या वळणदार अक्षरात मायक्रोमीटरसाठी वापरतात तो ग्रीक म्यू (μ) स्वच्छ काढलेला होता.

चूक कुठे झाली ते शोधायला मला दुपार लागली. मूळ टंकलेखन ज्यांनी केले होते त्यांनी म्यू हे अक्षर सिम्बॉल नावाच्या फॉन्टने उमटवले होते. त्या फॉन्टात रोमन एमच्या जागेवर म्यूचे चित्र बसवलेले आहे. म्हणजे कागदावर म्यू दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेला असतो तो एमच. मी तो मजकूर नव्या फाइलमध्ये आणताना फॉन्टची माहिती गळून पडली आणि खालचा एम उघडा झाला. जुन्या, युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा जो काला समोर येतो, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. तिथे निदान काहीतरी बिघडले आहे हे पाहताक्षणी कळते. इथे मात्र मिलिमीटर हेही एक धडधाकट एकक असल्यामुळे वाक्य वाचताना कुठेच अडखळायला होत नाही.

काम होते ते असे. माझ्या शिक्षकांनी कंपने आणि तरंग या विषयावर वर्षानुवर्षे लिहिलेली टिपणे नीट अक्षरजुळणी करून छापण्याजोगी आणि पडद्यावर वाचण्याजोगी करायची. त्यातला काही भाग हाताने लिहिलेला होता, काही भाग वर्ड प्रोसेसरमध्ये टाइप केलेला होता आणि त्यातली बरीचशी समीकरणे चित्रे म्हणून चिकटवलेली होती. मजकूर मराठी आणि चिन्हे आंतरराष्ट्रीय, अशी मांडणी. मी भौतिकशास्त्र शिकले आहे आणि मुद्रितशोधनाचे काम अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे हे दोन-तीन महिन्यांत उरकेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात वर्ष गेले, आणि त्यातले निम्मे मी गणिती मजकुराकडे पाहण्याची स्वतःची सवय बदलण्यात घालवले.

म्यू सापडल्यावर मी सगळी फाइल त्याच संशयाने चाळली. दहाचा उणे तिसरा घात जिथे होता तिथे घातांक खाली उतरून दहा, एक आडवी रेघ आणि तीन असे तीन तुकडे एका ओळीत बसले होते. अनभिज्ञ वाचक त्याला दहा वजा तीन म्हणजे सात असेच वाचेल. ती आडवी रेघसुद्धा वजाबाकीचे चिन्ह नव्हतीच, ती जोडशब्दातली संयोगरेषा होती. युनिकोडमध्ये वजा चिन्हाला २२१२ हा स्वतंत्र षोडशमान क्रमांक आहे. ते अधिक चिन्हाच्या रुंदीचे आणि त्याच्याच उंचीवर असते. संयोगरेषा आखूड असते, खाली बसते आणि ओळ संपली की तिच्यापाशी खुशाल तुटते. एका पानावर उणे चिन्ह ओळीच्या शेवटी आणि संख्या पुढच्या ओळीच्या सुरुवातीला गेलेली मी पाहिली. खुद्द म्यूसुद्धा युनिकोडमध्ये दोन जागी आहे, एक ग्रीक वर्णमालेतला आणि दुसरा मायक्रो या उपसर्गासाठी जुन्या अक्षरसंचातून चालत आलेला. दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच याची खात्री नसते. मी ग्रीक म्यू ठेवला आणि सगळीकडे तोच केला.

डागडुजी करण्यापेक्षा सगळी समीकरणे नव्याने टाइप करावीत, असे मी ठरवले आणि लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडे वळले. लाटेकच्या पोटात टेक नावाची जी प्रणाली आहे, ती संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७७ मध्ये लिहायला घेतली. आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हातात आली, तेव्हा जुन्या खिळ्यांच्या तुलनेत नव्या छायाजुळणीतली गणिताची पाने त्यांना पाहवली नाहीत. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेकचा साज चढवला. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्त आवृत्तीनंतर पायच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो. २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ आहे. इतक्या वर्षांत इतक्याच दुरुस्त आवृत्त्या लागल्या, हे पाहून मला त्या कामाबद्दल फार आदर वाटतो.

लाटेकमध्ये समीकरण दिसते तसे रंगवायचे नसते, ते काय आहे ते सांगायचे असते. अपूर्णांक हवा असेल तर आधी अपूर्णांकाची आज्ञा, मग महिरपी कंसात अंश, मग महिरपी कंसात छेद. रेघ किती लांब, अंश किती वर, छेद किती खाली, हे प्रणाली ठरवते. वर्ड प्रोसेसरमध्ये मी इतकी वर्षे अक्षर वर उचलणे, लहान करणे, रेघ ओढणे अशी कामे हाताने करत आले होते आणि सुरुवातीला ती सवय सुटेना. एखाद्या चिन्हाभोवती जागा कमी वाटली की मी तिथे स्पेसबार दाबायची आणि काहीच हलायचे नाही, कारण गणिताच्या भागात टाइप केलेल्या मोकळ्या जागा टेक मोजतच नाही.

त्या जागा कुठून येतात हे समजून घेतले, तेव्हा माझा या प्रणालीवर खऱ्या अर्थाने विश्वास बसला. टेक प्रत्येक चिन्हाची जात ओळखते: साधे अक्षर, मोठे क्रियाचिन्ह, अधिक-वजासारखे दोन पदांमधले चिन्ह, बरोबर किंवा लहान-मोठे दाखवणारे संबंधचिन्ह, उघडणारा कंस, बंद होणारा कंस, विरामचिन्ह, आणि अपूर्णांकासारखा एकसंध घटक. अक्षराच्या आकाराएवढ्या रुंदीचे १८ भाग कल्पिले, तर बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना ५ भाग, अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना ४ भाग आणि साइनसारख्या फलनाच्या नावानंतर ३ भाग जागा सुटते. वजा चिन्ह दोन पदांच्या मध्ये असेल तर त्याला जागा मिळते. तेच समीकरणाच्या आरंभी किंवा उघडत्या कंसानंतर आले तर ते ऋण संख्येचे चिन्ह ठरून पुढच्या अंकाला चिकटते. घातांकात शिरले की यातल्या बहुतेक जागा आपोआप मिटतात. चांगला जुळारी हे सगळे नजरेने करत असे. माझ्या हातून स्पेसबारने ते कधीच एकसारखे झाले नसते.

मात्र प्रणालीला जात सांगावी लागते, ती तिला आपोआप कळत नाही. साइन ही तीन अक्षरे नुसती टाइप केली तर ती तिरपी होतात आणि एस गुणिले आय गुणिले एन असा त्यांचा अर्थ होतो. फलनाची आज्ञा वापरली की ती सरळ उभी राहतात. १,००,००० ही संख्या लिहिताना प्रत्येक स्वल्पविरामानंतर बारीक फट पडलेली दिसली, कारण टेकच्या लेखी स्वल्पविराम म्हणजे दोन पदे वेगळी करणारे विरामचिन्ह. तो महिरपी कंसात ठेवला की फट जाते. अशा डझनभर गोष्टी मी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या.

तिरप्या आणि सरळ ठशाचा प्रश्न नुसत्या देखणेपणाचा नाही. बदलत्या राशींची चिन्हे तिरपी आणि एककांची चिन्हे सरळ, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तिरपा एम म्हणजे वस्तुमान, सरळ एम म्हणजे मीटर. सरांच्या टिपणांत एका ओळीत दोन्ही येत होते, आणि दोन्ही तिरपे छापले तर विद्यार्थ्याने कशावरून ओळखायचे? संख्या आणि एकक यांच्यामध्ये जागा सोडायची आणि ती जागा ओळीच्या शेवटी तुटू द्यायची नाही, हाही त्याच संकेताचा भाग. एसआययुनिटएक्स नावाचे लाटेकचे पूरक पॅकेज संख्या आणि एकक वेगवेगळे मागते आणि पुढचे सगळे सांभाळते. मायक्रो हा उपसर्ग तिथे शब्द म्हणून लिहावा लागतो. त्यामुळे तो पुन्हा मिली होण्याची भीती उरली नाही. रसायनशास्त्राची सूत्रे आमच्याकडे मोजकीच होती, ती एमएचकेम या पॅकेजने दोन दिवसांत झाली.

देवनागरीने मात्र वेगळीच परीक्षा घेतली. झीटेक हे टेकचे रूप युनिकोड आणि ओपनटाइप फॉन्ट सरळ वापरू देते, त्यामुळे मराठी परिच्छेद पहिल्याच दिवशी जोडाक्षरांसकट नीट उमटले. अडचण आली ती समीकरणाच्या आत. प्राथमिक प्रकरणात सरांनी वेग बरोबर अंतर भागिले वेळ असे शब्दांतले समीकरण लिहिले होते. ते मी टाइप केले आणि पानावर नुसते बरोबरचे चिन्ह आणि एक आडवी रेघ आली. शब्द गायब. गणिताच्या फॉन्टात देवनागरी अक्षरेच नसतात, आणि अक्षर नाही म्हणून टेक थांबत नाही. लॉग फाइलमधल्या, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाइलमधल्या, शेकडो ओळींत अक्षर सापडले नसल्याची एक ओळ लिहून पुढे जाते. तेव्हापासून प्रत्येक वेळी मी लॉगमध्ये ती ओळ शोधल्याशिवाय फाइल बंद केली नाही. समीकरणातला शब्द हा मजकूर आहे असे आज्ञेने सांगितले की तो मराठी फॉन्टात उमटतो.

शब्द आले, पण अपूर्णांक वाचवेना. छेदातल्या वेळ या शब्दाची शिरोरेषा अपूर्णांकाच्या रेघेखाली अगदी जवळ आली होती आणि मधल्या चिंचोळ्या जागेत वे या अक्षरावरची मात्रा दाटीवाटीने बसली होती. दुरून पाहिले तर अंश आणि छेदामध्ये दोन समांतर रेघा आहेत असे वाटे. रोमन अक्षरांना शिरोरेषा नसल्यामुळे ही अडचण त्या प्रणालीच्या कर्त्यांना येण्याचे कारणच नव्हते. उपाय साधा निघाला: रुंदी शून्य आणि उंची ठरावीक असलेला एक अदृश्य खांब छेदाच्या आत ठेवायचा, म्हणजे छेद थोडा खाली सरकतो. खांबाची उंची किती ठेवायची यासाठी मी बारा-तेरा वेळा पान छापून पाहिले, कारण पडद्यावर पुरेसे वाटणारे अंतर कागदावर कमी पडत होते. शेवटी रेघ वेगळी आणि शिरोरेषा वेगळी दिसू लागली. तो खांब मी मराठी अपूर्णांक या नावाच्या स्वतःच्या आज्ञेत बसवला.

पादांकात, म्हणजे चिन्हाच्या पायाशी येणाऱ्या बारीक अक्षरांत, मराठी शब्द ठेवण्याचा हट्ट मात्र मला सोडावा लागला. मजकूर १० पॉइंटात असेल तर पादांक ७ पॉइंटात आणि पादांकाचा पादांक ५ पॉइंटात जातो. प्रारंभिक या शब्दातला प्र ७ पॉइंटात कसाबसा कळतो, ५ पॉइंटात त्याचा ठिपका होतो. सरांशी बोलून आम्ही पादांकात फक्त अंक किंवा एकच अक्षर ठेवायचे ठरवले आणि त्याचा अर्थ लगतच्या वाक्यात सांगितला. सरांना ते आधी पटले नव्हते, छापलेले पान दाखवल्यावर पटले. हेच घातांकातल्या अपूर्णांकाचे. अवमंदित, म्हणजे हळूहळू विरत जाणाऱ्या, दोलनात ईच्या डोक्यावर उणे बीटी भागिले दोन एम असा घातांक येतो, आणि तो उभा अपूर्णांक केला तर त्याची अक्षरे ५ पॉइंटांची होतात. तिथे तिरकी रेघ आणि छेदाला कंस, हेच योग्य. वाचकाला भिंग घ्यावे लागेल अशी जुळणी व्याकरणाने कितीही शुद्ध असली तरी मी ती चांगली मानत नाही.

स्वतःच्या आज्ञा करण्याचे महत्त्व सदिशांच्या, म्हणजे दिशा असलेल्या राशींच्या, वेळी कळले. पहिली सहा प्रकरणे मी सदिशाच्या डोक्यावर बाण काढून टाइप केली होती. सातव्यात सर म्हणाले, बाणांमुळे ओळी वरखाली होतात, ठळक अक्षर करू या. प्रत्येक जागी मी बाणाची आज्ञा थेट लिहिली असती, तर शेकडो जागा शोधाव्या लागल्या असत्या, आणि त्यातले काही बाण सदिशाचे नसून दिशा दाखवण्यासाठी होते, ते चुकून बदलले गेले असते. सुदैवाने मी सदिश ही स्वतंत्र आज्ञा केलेली होती. तिच्या व्याख्येतला एक शब्द बदलला आणि सहाही प्रकरणे बदलली. इंटिग्रलमधला डी सरळ की तिरपा, या वादातही तेच कामी आले. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक तो सरळ सांगते, अनेक गणितज्ञ तिरपा पसंत करतात. आम्ही सरळ घेतला, त्याच्या आधी बारीक जागा सोडली, आणि उद्या मत बदलले तर एकच ओळ बदलायची आहे.

समीकरणांचे क्रमांक आणि त्यांचे संदर्भ यांबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक समीकरणाला नाव द्यायचे, मजकुरात नावाने बोलवायचे, फाइल दोनदा चालवायची, म्हणजे क्रमांक जुळतात. नाव चुकले तर क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे उमटतात. हाताने क्रमांक टाकलेल्या जुन्या प्रतीत तिसऱ्या प्रकरणानंतरचे संदर्भ कुठेच जुळत नव्हते.

छपाईची प्रत झाल्यावर पडद्यावरच्या प्रतीचे काम निघाले. इथे मी पहिल्यांदा जुनाच रस्ता धरला आणि समीकरणांची चित्रे करून लावली. फोनवर अक्षर मोठे केले की मजकूर वाढे आणि समीकरण तेवढेच राही. ओळीतली चिन्हे ओळीच्या थोडी वर तरंगत. तरीही मी ती प्रत सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवली. ते आता स्वतः शिकवतात, त्यांना दिसत नाही आणि ते पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर वाचतात. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, मजकूर छान वाचला जातोय. पण समीकरण आलं की ते 'चित्र' एवढंच म्हणतं आणि पुढे जातं. सरांच्या टिपणांत समीकरण काढून टाकलं तर राहतं काय?"

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मी सगळी चित्रे काढली. गणिती मजकुरासाठी मॅथएमएल ही खुणांची भाषा १९९८ पासून आहे. तिच्यात अपूर्णांक, मूळ, घातांक हे सगळे त्यांच्या रचनेसकट लिहिले जाते. ब्राउझरांनी तिला फार उशिरा आपलेसे केले. फायरफॉक्समध्ये ती बरीच आधीपासून चाले, क्रोममध्ये ती जानेवारी २०२३ मध्ये आली, आणि मधल्या काळात मॅथजॅक्स या प्रणालीने ती उणीव भरून काढली. माझी समीकरणे लाटेकमध्ये अर्थाने लिहिलेली होती, त्यामुळे त्यांचे मॅथएमएलमध्ये रूपांतर बहुतांशी यंत्राने झाले. जिथे जिथे मी घाईत दिसण्यापुरती तडजोड केली होती, तिथेच ते अडले. उदाहरणार्थ, अंशाचे चिन्ह म्हणून मी काही ठिकाणी शून्याचा घातांक टाकला होता. पानावर ते तापमान वाटे, रूपांतरात त्याचा शून्यावा घात झाला. तीस अंश म्हणजे तीसचा शून्यावा घात, म्हणजे एक. अशा सतरा जागा निघाल्या. त्या सगळ्या मी एकेक करून दुरुस्त केल्या.

नवी प्रत त्यांनी सलग ऐकली. चार दिवसांनी पुन्हा फोन आला, अवमंदित दोलनाच्या प्रकरणाबद्दल. तिथे कोनीय वारंवारतेसाठी वर्गमुळाच्या आत ओमेगा शून्यचा वर्ग, वजा, बीचा वर्ग भागिले चार एम वर्ग असे पद आहे. "मला ऐकू येतं ते असं," ते म्हणाले, "वर्गमूळ सुरू, ओमेगा शून्य वर्ग, वर्गमूळ समाप्त, वजा, अपूर्णांक सुरू. मूळ आधीच संपतंय. सरांनी तसं शिकवलं नव्हतं."

मी छापील पान समोर धरले. वर्गमुळाची वरची रेघ ओमेगापाशी थांबली होती आणि अपूर्णांक तिच्याबाहेर उभा होता. ते पान मी आणि सरांनी मिळून निदान पाच वेळा वाचले होते. वाचताना आमच्या मनातले समीकरण बरोबर असल्यामुळे डोळ्यांनी ती रेघ आपापली पूर्ण करून घेतली होती. लाटेकच्या फाइलमध्ये महिरपी कंस अपूर्णांकाच्या आधीच बंद झालेला होता. मी तो अपूर्णांकाच्या पुढे नेला, फाइल दोनदा चालवली, रेघ शेवटपर्यंत गेल्याचे छापून पाहिले, आणि तेवढे प्रकरण त्यांना पुन्हा ऐकायला पाठवले.